आभाळाची गुरगुर आणि दादाची काठी

फोन वाजला तेव्हा मी अंगणात कांदे निवडत बसले होते. चैत्राचं ऊन चढत होतं, बराखीत, म्हणजे कांद्याच्या चाळीत भरायचा चांगला माल एका अंगाला आणि बारीक चिंगळी दुसऱ्या अंगाला, असं काम चाललं होतं. पलीकडून माझा भाचा रोहिदास बोलत होता. "आत्या, तात्या गेले," एवढं म्हणाला. मग सांगू लागला की सकाळी चहा घेतला, ओट्यावर जाऊन बसले, आणि वहिनी कप उचलायला गेली तर... पुढचं वाक्य त्याला पुरं करता येईना. मलाही ते ऐकवेना. माझ्या तोंडून भलतंच निघालं. "काठी कुठंय?" मी विचारलं. "कंची काठी, आत्या?" "तात्यांची काठी. ती कुणी चितेवर ठेवायची न्हाई. मी येतेय तवर तिला हात लावू नका." पोराला वाटलं असेल, आत्याच्या डोक्यावर परिणाम झाला. वाटू दे. मुलानं गाडी काढली, मंचरच्या चौकात ट्रकांच्या रांगेत आम्ही अडकलो, आणि तिथं काचेबाहेर बघताना मला पहिल्यांदा रडू आलं.

तात्या म्हणजे रोहिदासचे वडील, माझा थोरला भाऊ किसनदादा. माणूस म्हणून तो साधा भातशेती करणारा, चार जनावरं राखणारा. पण वर्षातला एक दिवस तो आमच्या गावचा वाघ असायचा, आणि हे मी थट्टेनं म्हणत नाही. आमचं गाव घोडेगावच्याही पश्चिमेला, डोंगर जिथं कोकणाकडे तुटून पडतो त्याच्या थोडं अलीकडे. दिवाळीच्या तोंडावर देशावरची मंडळी गाय-वासराची पूजा करतात. आमच्याकडे त्याच दिवशी वाघबारस असते. म्हणजे गायीला जो खातो त्यालाच आम्ही हात जोडतो. शिवेवर शेंदूर फासलेला वाघोबाचा दगड आहे, तिथं गुराखी मिळून दुधाची खीर शिजवतात. एकजण घोंगडी पांघरून वाघ होतो. दुसरा हाक घालतो, "येशील का आमच्या शिवेत?" वाघ आधी गुरगुरतो, फिस्कारतो, आणि शेवटी कबूल होतो, "नाय, नाय येनार!" मग आरडाओरडा करत त्याला ओढ्यापार हाकलायचं आणि परत येऊन खीर खायची. डोंगरातल्या पुष्कळ गावांत हे असंच चालतं.

आमच्या गावात मात्र यात एक जास्तीचं आहे. वाघबारशीला भात पिकून पिवळं झालेलं असतं, कापणी दारात आलेली असते. तेव्हा गोठ्याला जशी वाघाची भीती, तशी खाचराला परतीच्या वादळाची. म्हणून आमचा वाघ स्वतःच्या आणि वादळाच्या, दोघांच्या वतीनं बोलतो. हाक घालणारा आधी वाघाच्या आवाजांची नावं घेतो, मग आभाळाच्या. प्रत्येक नावाला वाघानं त्याच गळ्यातून तो तो आवाज काढायचा, आणि सगळे बरोबर निघाले की मगच 'येणार नाही' हा शब्द द्यायचा. आवाज चुकला तर शब्दाला किंमत नाही. चुकीच्या वाघानं दिलेला शब्द खरा वाघ कशाला पाळेल?

आता ही नावं. भक्ष्यावर बसलेल्या वाघाची ती गुरगुर. अंगावर धावून येताना तोंडातल्या तोंडात फुटतो तो खेकस. पिल्लांना हळू बोलावणारी घुरघुर. बिबट्या माग काढत फिरताना लाकूड कापल्यासारखा एक खरबरीत आवाज काढतो, त्याचं नाव करवत. आभाळाची नावं तर निम्मी स्वयंपाकघरातली. डोंगरापलीकडून येणारा सलग, बारीक गडगडाट म्हणजे जातं. जातं वाजतंय तोवर हातातलं काम पुरं करायला वेळ असतो. दरीत घुमून पुन्हा वर येतो तो रिता हंडा. तो ऐकला की गुरं आत घ्यायची. वीज डोक्यावर फुटते तो कडाका. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात अवघड, वावधान... कोकणातून कडा चढून येणारा वारा. ही नावं कुठं लिहिलेली नाहीत. ती वाघाच्या गळ्यात आणि हाक घालणाऱ्याच्या तोंडात असतात. आमच्या लहानपणापासून हाक घालणारा एकच, धोंडूबाबा, आणि दादानं घोंगडी घेतल्यापासून वाघही एकच.

दादा हे आवाज घरात बसून शिकला. आई दळायला बसली की हा जात्याला कान लावायचा. आईनं पाण्याला काढलेल्या हंड्यात तोंड घालून हा असा घुमायचा की गोठ्यातली वासरं दाव्याला हिसके द्यायची. "मुडद्या, त्या हंड्यात पानी आनायचंय मला!" आई ओरडायची. मला मात्र शिवेवर जायची बंदी. वाघबारस गुराख्यांची, मुलींनी लांबून बघायचं. मी करवंदीच्या जाळीमागं बसून बघायची, आणि घरी आल्यावर गोधडी पांघरून सगळं पुन्हा करून दाखवायची. दादा गंभीर चेहऱ्यानं ऐकायचा. "खेकस जमला तुला, सुमे," म्हणायचा, "तू एरवीबी तसंच बोलतीस." त्याचं खोटं नव्हतं. पुढं मी इंग्रजीची मास्तरीण झाले, आणि वर्गात माझा खेकस ऐकलेली मुलं आज स्वतः आजोबा झाली आहेत.

लग्न होऊन मी आळ्याला आले, कांद्याच्या आणि उसाच्या मुलखात. दादा बेल्ह्याच्या बैलबाजाराला आला की आमच्याकडे मुक्काम करायचा. एकदा वाघबारस जवळ आलेली, तर हा सकाळीच उसाच्या कडेला जाऊन करवतीची तालीम करत बसला. आता आमच्या भागात उसाच्या कडेला करवत वाजली की काय होतं, हे जुन्नर-आंबेगावच्या वाचकाला सांगायला नको. मोटारसायकलवरून जाणाऱ्या कुणीतरी ऐकलं, घटकाभरात शिवार गोळा झालं. पत्र्याचे डबे, फटाके, काठ्या. फॉरेस्टची जीपही आली. एवढा गोंगाट ऐकून दादाला वाटलं, खरोखरचा बिबट्या आला, मग हा गडी आपला बांधावरच्या आंब्यावर चढून बसला, आणि खालच्या लोकांना सावध करायला तिथून ओरडू लागला, "पळा, राव, पळा! बिबट्या हाय!" लोक झाडाखाली येऊन बघतात तर डोक्याला मुंडासं बांधलेला पाहुणा. "मगाशी करवत कुनी काढली?" कुणीतरी विचारलं. दादा फांदीवरून म्हणाला, "ती व्हय? ती मी काढली." मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. फॉरेस्टवाल्यानं त्याला हात जोडले. "पावनं, पुन्यांदा हिकडं आलात तर निस्तं भजन म्हना," म्हणाला. सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की माझं माहेर एका नजरेत मोजून झालं. पण खरं सांगते, मला तोंड लपवावंसं वाटलंच नाही. ज्या आवाजाला बिबट्यात मुरलेलं अख्खं शिवार फसलं, तो माझ्या भावाच्या गळ्यातला होता.

आणखी एक गंमत त्याच्यामुळेच लक्षात राहिली. आमच्या शाळेला कुणीतरी पुस्तकं भेट दिली, त्यात स्कॉटलंडच्या जुन्या बोलीचा एक जाडजूड कोश निघाला. आळ्याच्या शाळेत त्याचं काय काम, हे देणाऱ्यालाच ठाऊक. मी सहज चाळायला घेतला तर एक शब्द दिसला, 'गुर्ल'. अर्थ काय, तर कुत्र्यानं गुरगुरणं, आणि वाऱ्यानंही. त्याचाच भाऊबंद 'गुर्ली', म्हणजे वादळी हवा. शिवाय तिरसट माणसालाही तोच शब्द. शेजारीच नुसता 'गुर' असाही एक, म्हणजे गुरगुरणंच. मी खुर्चीतून उठलेच. पुढच्या खेपेला माहेरी गेले तेव्हा ओट्यावर बसून दादाला आणि वहिनीला हे सांगितलं. दादानं विचारलं, "तिथं वाघ हायेत का गं?" मी म्हटलं, "न्हाईत." "मंग गुरगुरतं कोन?" "कुत्री, आणि आभाळ."  "म्हंजी आभाळ तेवढं आपल्यासारखंच हाय त्येंचं," दादा म्हणाला, आणि लांबचा नातेवाईक सापडल्यासारखा खूश झाला. वहिनी म्हणाली, "आन् तिरसट मान्साला काय म्हंत्यात म्हनलात, वन्सं? गुर्ली? मंग तुमाला तिकडं नाव बदलाया नगं." दादा हसून हसून लोळायचा बाकी राहिला. त्यानंतर माझ्याशी भांडण झालं की तो मला गुर्ली म्हणायचा. स्कॉटलंडमध्ये तो शब्द किती चालतो मला माहीत नाही, आमच्या घरात मात्र तो चांगला रुळला.

मग त्याचा घसा बसला. आधी विडीवर ढकललं, मग हवेवर. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की घशात गाठ आहे, जीव वाचवायचा तर आवाजाची पेटी काढावी लागेल. दादानं विचारलं, "म्हंजी बोलता येनार न्हाई?" डॉक्टर म्हणाले, "नाही." दादा म्हणाला, "बोलन्याचं ऱ्हाऊ द्या हो, गुरगुरता येईल का?" डॉक्टरांना वाटलं, म्हातारा विनोद करतोय. ऑपरेशन झालं. गळ्याला एक भोक राहिलं, त्यातून श्वास यायचा आणि जायचा, आणि आवाज म्हणून काही उरलं नाही. ज्याच्या गळ्यात वाघ आणि आभाळ दोन्ही होते, तो माणूस पाणी हवं असलं तरी काठी आपटायला लागला. मला तेव्हा देवाचा इतका राग आला की आजही पुरता उतरलेला नाही.

त्या वर्षीच्या वाघबारशीला वाघ कोण, असा प्रश्न पडला. रोहिदासनं करून बघितलं. पुण्याला कंपनीत नोकरी करणारं पोर ते, त्याच्या गुरगुरीला वहिनीनं काढा करून दिला. मग गावातल्या तरुण मंडळींनी तोड काढली. मोबाइलवरून वाघाचा आवाज उतरवून घेतला आणि वाघोबाच्या दगडामागं स्पीकर ठेवला. धोंडूबाबानं थरथरत्या आवाजात हाक घातली, "गुरगुर!" आणि स्पीकरमधून जी गर्जना आली ती ऐकून बायाबापड्यांनी तोंडाला पदर लावले. पोरांनी सिंह उतरवून आणला होता! धोंडूबाबानं तरी नेटानं विचारलं, "येशील का आमच्या शिवेत?" यावर स्पीकरमधून बनियनची जाहिरात सुरू झाली. सगळे हसले. मीही हसले असते, पण माझं लक्ष दादाकडे गेलं. तो दगडाशेजारी काठीवर हनुवटी टेकून बसला होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. रडण्यालासुद्धा आवाज नव्हता. कापणीच्या तोंडावर वावधान आलं आणि उभं भात आडवं झालं. मी शिकलेली बाई, स्पीकरमुळे वादळ आलं असं मी म्हणणार नाही. पण गावात कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं हेही खरं. आता पुढच्या वर्षी वाघ उभा राहिला नाही तर हे आवाज आणि त्यांची नावं दादाबरोबरच जाणार, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं.

त्या हिवाळ्यात एकदा मी दादापाशी बसले होते. डोंगरापलीकडे अवकाळी गडगडलं. मी नकळत तोंडानं त्याची नक्कल केली. दादानं झटकन माझ्याकडे बघितलं. मग काठी उचलून ओट्याच्या फरशीवर ठोकली... ठक्. मी पुन्हा केली, थोडी खालून. ठक्. आणखी खालून, जात्याच्या पाळीसारखी, न थांबता. काठी हलली नाही. तो माझ्याकडे बघत राहिला, मीही त्याच्याकडे. आमचं बोलणं तिथंच झालं.

धोंडूबाबानं ऐकलं तेव्हा कपाळाला हात लावला. "बाईमानूस वाघ? आमच्या बापजाद्यांत कदी ऐकलं न्हाई." मी तोंड उघडायच्या आत वहिनी चुलीपासून उठून बाहेर आली. "का वं, बाबा? वाघीन गुरगुरत न्हाई का? पिल्लं काय वाघ सांबाळतोय? त्यो तर खाऊन झोपतो, तुमच्यावानी."  शेवटी धोंडूबाबा एवढंच म्हणाला की किसनची काठी गप्प बसली तर आपली हरकत नाही, आणि आपल्याला चहा पाहिजे. वहिनीनं चहा दिला, साखर जरा जास्तच घालून.

गणपती उठले आणि मी माहेरी मुक्कामाला गेले. जन्मभर मी मुलांच्या चुका काढल्या, आता माझ्या चुका निघू लागल्या. दादाचा नियम एकच. चुकलं तर ठोकायचं. बरोबर आलं तर काही नाही. मान हलवणं नाही, हसू नाही, नुसतं गप्प. माझ्या खेकसाला काठी पहिल्याच दिवशी गप्प बसली. घुरघुर करताना मी पिल्लांच्या आईची घुरघुर सोडून भुकेल्या वाघिणीची करत होते, ती वहिनीनं नातवंडाला झोपवताना काढलेल्या आवाजावरून सुधारली. करवतीनं घसा सोलून निघाला. रिता हंडा मी हंड्यात तोंड घालूनच शिकले, या वयात, आणि शेजारच्या बायका पाणी भरायचं निमित्त करून बघायला यायच्या. सगळं जमत आलं, पण वावधानापाशी घोडं अडलं. ते नाकात सुरू होतं, कुणाला ऐकूही येऊ नये इतकं बारीक. मग छातीत उतरतं. आणि वारा कडा चढून माथ्यावर आला की अख्खा डोंगर गुरगुरतो. माझा श्वास निम्म्या कड्यावरच संपायचा. ठक्. पुन्हा ठक्. एकदा मी संतापून ओरडले, "मग तूच कर ना!" बोलून गेले आणि जीभ चावली.

दादानं काठी बाजूला ठेवली. माझा हात धरला आणि आपल्या पाठीवर, बरगड्यांच्या खाली ठेवला. मग त्यानं वावधान केलं... आवाज नव्हताच. गळ्याच्या भोकातून नुसती हवा आली. पण माझ्या तळहाताखाली काय काय झालं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पाठ सावकाश भरत गेली, थांबली, आणखी भरली, आणि मग खालून, पोटाच्याही तळातून, अशी थरथर उठली की माझ्या कोपरापर्यंत आली. आवाजाची पेटी काढून नेली होती, वावधान तिथंच होतं. मला कळलं की मी श्वास छातीत ठेवत होते, तो पोटात ठेवायचा असतो. मी तसा घेतला. त्या दिवशी काठी बाजूलाच पडून राहिली.

वाघबारशीला आजूबाजूच्या वाड्यांतूनही माणसं आली होती. निवृत्त बाई वाघ होणार म्हटल्यावर कोण घरी बसेल? दादाला दगडाशेजारी खुर्ची मांडली होती, काठी हातात. मी लुगडं कसून नेसले, वरून त्याची घोंगडी घेतली. त्या घोंगडीला धूर, गुरं आणि विडी असा मिळून दादाचाच वास होता. गुडघ्यांवर उतरताना गुडघे करकरले, आणि पहिल्या रांगेतल्या, आळ्याहून मुद्दाम आलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं "बाई, जपून" म्हटलं. धोंडूबाबानं हाक घातली. "गुरगुर!" मी दिली. माणसं हसायची थांबली. "खेकस!" पुढं बसलेले मागे सरकले. घुरघुर, करवत... ओढ्यापलीकडे कुणाचा तरी बैल दावं ओढायला लागला, तेव्हा मला समजलं की करवत बरोबर उतरली. मग आभाळ. जातं, रिता हंडा, कडाका. प्रत्येक आवाजानंतर सगळ्यांच्या नजरा काठीकडे जायच्या. काठी जागची हलत नव्हती. शेवटी धोंडूबाबानं श्वास घेतला आणि म्हणाला, "वावधान!"

मी डोळे मिटले, दादाची पाठ आठवली आणि नाकातून सुरू केलं. कुठवर गेलं, किती वेळ गेलं, मला ठाऊक नाही. एवढंच ठाऊक की कडा संपला आणि श्वास उरला होता. डोळे उघडले तर काठी गप्प होती.  धोंडूबाबा कसाबसा म्हणाला, "येशील का... येशील का आमच्या शिवेत?" मी उत्तर देणार, तोच काय अंगात आलं कोण जाणे, मी घोंगडी झटकली आणि मध्येच एक सणसणीत 'गुर्ल' ठेवून दिली, अस्सल स्कॉटलंडची, वाऱ्याची आणि कुत्र्याची मिळून. दादाची काठी वर गेली. सगळी शीव काठीकडे बघत राहिली.  मग दादाचे खांदे हलायला लागले. तो हसत होता, आवाजाशिवाय, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. काठी त्यानं हळूच मांडीवर आडवी ठेवली. "नाय! नाय येनार!" मी ओरडले, आणि मग जो आरडाओरडा झाला त्यात त्यांनी मला ओढ्यापार हाकललं, लुगडं भिजलं, एक चप्पल वाहून गेली, आणि परत येऊन मी खीर खाल्ली. गुराख्यांच्या पंगतीत बसून. लहानपणी करवंदीच्या जाळीमागून जिचा नुसता वास घेतला, ती खीर. पुढे त्या साली भात उभं राहिलं. योगायोग म्हणा हवं तर, मी वाद घालणार नाही, पण मान ताठ ठेवीन.

चैत्रात दादा गेला तेव्हा मी पोचेपर्यंत सगळी तयारी झाली होती. त्याला उचलला आणि आम्ही बायका रिवाजाप्रमाणे दारातच थांबलो. धोंडूबाबा चार पावलं गेला आणि मागं वळला. "सुमन, तू का थांबलीस?" मी म्हटलं, "बायका जात न्हाईत ना, बाबा." तो म्हणाला, "बायका न्हाई जात. तू वाघ हायेस. वाघाला कोन अडीवतंय?" वहिनीनं माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढं ढकललं, आणि मी माझ्या भावापुढं चालले. शिवेवर, वाघोबाच्या दगडाजवळ त्याला घटकाभर खाली टेकवला. तिथं मी त्याला त्याचं वावधान ऐकवलं, पुरतं, माथ्यापर्यंत. रडत रडत ते करता येत नाही. पोटात श्वास धरायचा तर हुंदका बाजूला ठेवावाच लागतो. तेवढा वेळ मी रडले नाही याचा मला अभिमान आहे.

काठी मी आळ्याला घेऊन आले. दाराच्या कोपऱ्यात उभी असते. परवा दुपारी हवा एकदम पडली, मळभ आलं आणि पश्चिमेकडून आभाळ बोललं. अंगणात कांदा उघडा पडला होता. सूनबाई ताडपत्री घेऊन धावत आली. "आई, आला का वो पाऊस?" मी उंबऱ्यात उभी राहून ऐकलं. बारीक, सलग, डोंगरापलीकडून. "जातं हाय," मी म्हटलं. "लांब हाय अजून. सावकाश झाक, वेळ हाय." म्हटलं खरं, आणि सवयीनं मागं वळून काठीकडे बघितलं. चुकलं असतं तर त्यानं ठोकलं असतं. मी बराच वेळ कान देऊन उभी राहिले. काठी गप्प होती.